गाडीतला आवाज : मोठा हवा की स्पष्ट?



गेल्या पंधरवड्यात कल्याणकडच्या एका वाचक बंधूंचे चार पानी पत्र आमच्या हाती पडले. त्यांनी कर्ज काढून एक जुनी वॅगन-आर घेतली आहे. सहा दिवस ती भाड्याने चालते, रविवारी घरच्यांची असते. गाडीतल्या मूळच्या दोन स्पीकरांपैकी एक फाटला आहे, दुसरा खरखरतो. मुलगा म्हणतो, कंपोनंट घ्या. दुकानदार म्हणतो, मागच्या फळीवर सहा-बाय-नऊचे ओव्हल बसवा, सहाशे वॅटचे आहेत. घरची माउली म्हणते, दोन महिन्यांनी गाडीचा विमा भरायचा आहे, आधी तो. जवळ सात हजार रुपये आहेत. ‘घरात तीन तोंडे तीन दिशांना झाली आहेत, आता तुम्हीच सांगा,’ असे लिहून त्यांनी पत्र संपवले आहे.

कोणी म्हणेल, रेशन, शाळेची फी आणि दवाखाना यांचा हिशेब मांडणाऱ्या या सदरात स्पीकरचे काय काम? काम आहे. आज आपल्या वस्तीत कुणाची टॅक्सी आहे, कुणाचा टेम्पो आहे, कुणी हप्त्यावर जुनी गाडी घेतली आहे. जो माणूस दिवसाचे दहा-बारा तास गाडीत बसतो, त्याचे कान त्या स्पीकरच्या हवाली असतात. आणि या बाजारात कष्टाचा पैसा जितक्या सहज फसतो तितका फार थोड्या ठिकाणी फसत असेल. आम्ही हे अनुभवाने सांगतो, कारण आम्ही स्वतः फसलो आहोत.

आमची फजिती

२००९ साली आम्ही एक सेकंडहँड मारुती ८०० घेतली. घरातली पहिली चारचाकी. आठवड्यावर भाचीचे लग्न आले होते. साताऱ्याला जायचे, तर गाडीत गाणे हवेच. आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने मागची फळी कापून दोन मोठे ओव्हल बसवले. डब्यावर ‘५०० वॅट’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते. दुकानात काचा थरथरल्या आणि आम्ही खूश झालो. बेचाळीसशे रुपये मोजून दिले.

प्रवासात पुढच्या सीटवर आमचे वडील बसले होते. ते मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपापर्यंत बावीस वर्षे त्यांनी साचे चालवले. साचेखात्याचा आवाज म्हणजे नव्वद डेसिबलच्याही वर. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर हाताच्या खुणा. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. पूर्ण बहिरे झाले नाहीत, पण बोलणे अर्धे कळते, अर्धे नाही. पनवेल सोडल्यावर ते म्हणाले, ‘‘अरे, ढोलकी ऐकू येते, पण बाई काय म्हणते ते कळत नाही.’’ आम्ही आवाज वाढवला. तेव्हा मागून आमची आई म्हणाली, ‘‘बंद करा ते, माझे डोके फुटेल.’’ ओव्हल तिच्या कानाच्या मागेच होते ना! घाटात तर सगळेच बंद पडले. दुकानदाराने तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावली होती. उन्हात ती सुटली, तार तारेला लागली आणि फ्यूज उडाला. परत आल्यावर दुकानात गेलो, तर उत्तर मिळाले, ‘‘काका, बसवलेला माल परत होत नाही.’’

आमच्या वस्तीत रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने कारागीर होते. त्यांनी गाडी पाहिली आणि म्हणाले, ‘‘तुम्ही आवाज विकत घेतलात, गाणे नाही घेतलेत.’’ मग त्यांनी आम्हाला जे शिकवले आणि पुढे आम्ही जे वाचून पडताळले, ते आज मांडतो.

स्पीकर म्हणजे काय?

यंत्र साधे आहे. एक चुंबक, त्याच्या फटीत तारेची गुंडाळी आणि गुंडाळीला चिकटवलेला शंकू. दुकानात त्याला कोन म्हणतात. टेपमधून वीज आली की गुंडाळी पुढे-मागे हलते, शंकू हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही चालते. गाडीतला रेडिओही तसा जुनाच. गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीसाठी रेडिओ काढला आणि त्याला मोटोरोला नाव दिले. पुढे ते कंपनीचेच नाव झाले.

माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ढोलकीचा धुम, ढोलाचा दणका, हा खालचा भाग. त्यासाठी मोठा शंकू हवा, कारण हवा पुष्कळ ढकलायची असते. टाळ, घुंगरू, बासरीची फुंकर, हा वरचा भाग. त्यासाठी अगदी लहान, हलका पडदा लागतो. मोठ्याला वूफर म्हणतात, लहानाला ट्वीटर.

आता एक महत्त्वाची गोष्ट. माणसाच्या बोलण्यातला जोर खालच्या आणि मधल्या सुरांत असतो, पण शब्द ओळखू येतात ते ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’, ‘फ’ अशा व्यंजनांमुळे, आणि ही व्यंजने वरच्या सुरांत असतात. गोंगाटाने कान जातात तेही आधी तिथेच, ४,००० कंपनांच्या आसपास. म्हणून आमच्या वडिलांना ढोलकी ऐकू येत होती आणि शब्द कळत नव्हते. आम्ही दणका वाढवत गेलो आणि शब्द त्याखाली गाडले गेले.

प्रकार किती?

एकेरी कोन : स्वस्त गाडीत कंपनीकडून बहुधा हाच येतो. एकच शंकू सगळे काम करतो. बातम्या ऐकायला पुरतो, पण वरचे सूर मळकट येतात.

कोॲक्सिअल : वूफरच्या मधोमध, त्याच आसावर ट्वीटर बसवलेला असतो. एका भोकात दोन्ही कामे. जुना काढला, नवा बसवला, झाले. तारा त्याच. उणीव एकच : दारातली जागा खाली, पायाजवळ असते. खालचे सूर चहूकडे पसरतात, त्यांना फरक पडत नाही. वरचे सूर मात्र टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. त्यामुळे ट्वीटरचा आवाज कानाऐवजी गुडघ्यावर आपटतो. ज्याचा ट्वीटर थोडा वळवता येतो असा कोॲक्सिअल मिळाला तर तो घ्यावा.

कंपोनंट : यात वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा आणि दोघांना आपापले सूर वाटून देणारी क्रॉसओव्हर नावाची डबी वेगळी. वूफर दारात जातो, ट्वीटर वर, आरशाच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डवर. गाणारा जणू समोर, काचेपाशी बसला आहे असे वाटते. पण किंमत जास्त, बसवणावळ जास्त, तारा ओढाव्या लागतात. अडाणी हाताने बसवला तर चांगल्या कोॲक्सिअलपेक्षा वाईट वाजतो.

ओव्हल : सहा इंच बाय नऊ इंच. बहुतेक हेही कोॲक्सिअलच, फक्त आकार लंबगोल. कोन मोठा म्हणून बेस बरा. पण जागा मागे. ज्याने गाडी चालवायची त्याला गाणे पाठीमागून ऐकू येणार आणि मागे बसलेल्या म्हातारीच्या कानाशी दणका.

सबवूफर : फक्त अगदी खालचा दणका देतो. यासाठी ॲम्प्लिफायर लागतो, डिकीतली किंवा सीटखालची जागा जाते. भाड्याच्या गाडीत डिकी पाहुण्यांच्या बॅगांसाठी असते, हे विसरू नये.

डब्यावर ‘थ्री-वे’, ‘फोर-वे’ असे छापलेले दिसेल. म्हणजे मधे दोन-तीन चिमुकले ट्वीटर जास्त. त्याने गाणे तिप्पट-चौपट चांगले होत नाही. एक बरा वूफर आणि एक बरा ट्वीटर, एवढे पुरे. मऊ, रेशमी कापडाच्या पडद्याचा ट्वीटर कानाला सौम्य लागतो. धातूचा पुष्कळदा टोचरा. कोनच्या कडेला फोमची पट्टी असेल तर ती आपल्याकडच्या उन्हा-दमटपणात काही वर्षांत भुसभुशीत होते. रबराची पट्टी जास्त टिकते.

वॅटची गोष्ट

आता सगळ्यात मोठी लूट. नाव मोठे, लक्षण खोटे! डब्यावर छापलेले ५०० किंवा ६०० वॅट म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा. त्यावर विसंबू नका. डब्यावर किंवा आतल्या कागदावर ‘आरएमएस’ असे लिहून जो लहान आकडा दिलेला असतो तो खरा. तेवढा भार स्पीकर सतत सहन करतो.

आणि टेप तरी किती देतो? टेपवर ‘५० वॅट × ४’ असे लिहिलेले असते. म्हणजे २०० वॅट. आता टेपच्या मागचा फ्यूज पाहा. पुष्कळदा तो १० अँपिअरचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट असतात. चौदा गुणिले दहा, १४० वॅट. इतकी वीज टेपमध्ये शिरतानाच फ्यूज अडवणार, त्यातली काही उष्णतेत जाणार, मग बाहेर २०० कुठून येणार? घरातल्या सातवीतल्या मुलालाही हा हिशेब कळेल. खरे पाहता साध्या टेपमधून एका स्पीकरला १५ ते २२ वॅटच्या आसपास मिळतात. पण घाबरू नका, गाडीच्या बंद डब्यात तेवढे भरपूर होतात.

म्हणून वॅटपेक्षा दुसरा एक आकडा विचारा : सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिले तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते हा आकडा सांगतो. ८७ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यांत फरक तीनचाच, पण तेवढ्यासाठी दुप्पट वीज लागते. ८७ वाल्याला २० वॅट देऊन जे होईल ते ९० वाला १० वॅटमध्ये करेल. साध्या टेपवर चालवायचे तर ९० किंवा त्याहून जास्त पाहा. दोन डबे ताडून पाहताना दोन्हींचे माप एकाच पद्धतीचे आहे ना, तेही बघा. काही कंपन्या ‘२.८३ व्होल्ट’वर मोजतात. गाडीच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टने एक नव्हे, दोन वॅट मिळतात आणि आकडा तीनने फुगतो.

गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. एका चॅनेलवर असे दोन स्पीकर एकत्र जोडले की भार २ ओहमचा होतो आणि साधा टेप तापून जळू शकतो. ‘‘जोडून देतो, चालतंय,’’ असे कोणी म्हणाला तर हात जोडून नको म्हणा.

बसवणे हेच अर्धे काम

आमच्या त्या कारागीर काकांचे म्हणणे होते की स्पीकर हा अर्धा, दार हा उरलेला अर्धा. कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. कडेला फट राहिली तर पुढची हवा मागे पळते आणि बेस जागच्या जागी मरतो. म्हणून स्पीकरखाली घट्ट रिंग हवी, चारही स्क्रू हवेत. दाराचा पत्रा थरथरत असेल तर त्यावर आतून चिकटणारी जाड पट्टी मिळते. ती लावली की साधा स्पीकरही भारदस्त वाजतो. मात्र दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू देऊ नका. तो पावसाचे पाणी अडवतो.

दुकानात जाण्याआधी दारातल्या जागेचा व्यास आणि खोली, दोन्ही पाहून घ्या. काच खाली येते तेव्हा ती स्पीकरच्या चुंबकाला लागता कामा नये. आणि तारा कापू देऊ नका. बऱ्याच गाड्यांसाठी तयार जोडणीचा सॉकेट मिळतो. तो घेतला म्हणजे उद्या गाडी विकताना जुने स्पीकर परत लावता येतात. नव्या गाडीची तार कापली तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, हेही ध्यानात ठेवा.

एक घरगुती परीक्षा सांगतो. स्पीकरला दोन टोके असतात, अधिक आणि उणे. एका दारात सरळ आणि दुसऱ्या दारात उलट जोडले गेले की एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि बेस कापला जातो. पैसे देऊन बसवलेल्या गाड्यांतही ही चूक आम्ही पाहिली आहे. बसवण्यापूर्वी घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. अधिक टोक अधिकला, उणे टोक उण्याला क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर खूण बरोबर. दोन्ही स्पीकर असे तपासून मगच जोडा.

पुढेमागे ॲम्प्लिफायर लावलाच तर बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, हातभराच्या आत फ्यूज हवाच. ती तार पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला तर गाडी पेट घेते. या जागी काटकसर करू नये.

ऐकून घ्या

दुकानदार स्वतःचे गाणे लावतो, दणक्याचे. तुम्ही तुमचे लावा. शंभरदा ऐकलेले, ज्याचा शब्दन् शब्द पाठ आहे असे. एखाद्या शाहिराचा पोवाडा असो, गायन पार्टीचा मुकाबला असो, की नुसते भाषण असो. आवाज कमी ठेवून ऐका. कमी आवाजात शब्द सुटे कळले तर स्पीकर चांगला. मोठ्या आवाजात सगळेच चांगले वाटतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या. ज्यांना कमी ऐकू येते त्यांची परीक्षा खरी. आणि पक्के बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. नावाजलेल्या कंपनीचा नकली मालही बाजारात पुष्कळ फिरतो.

मग घ्यावे कोणते?

आम्ही ते ओव्हल मिळेल त्या भावाला विकले आणि सहा महिने पैसे साठवून पुढच्या दोन दारांत साधी कंपोनंट जोडी लावली. ट्वीटर डॅशबोर्डच्या दोन टोकांना, वडिलांच्या कानाच्या रोखाने. त्यांचे कान काही परत आले नाहीत, पण आवाज फार न वाढवता त्यांना कडवी कळू लागली. एकदा तर त्यांनीच सांगितले, ‘‘हा शब्द तो नाही, तुम्ही इतकी वर्षे चुकीचा म्हणता.’’ आमच्या घरासाठी ते उत्तर बरोबर होते, कारण ऐकणारा माणूस तसा होता.

कल्याणच्या बंधूंचे घर वेगळे आहे. त्यांच्या पत्रावरून गाडीत साधा टेप आहे, ॲम्प्लिफायर नाही. ट्वीटरसाठी वर तयार जागा आहे की नाही, ते त्यांनी लिहिलेले नाही. भाड्याच्या गाडीत फार तोडफोड नको. म्हणून आमचे मत असे : पुढच्या दोन दारांत एका चांगल्या कंपनीची कोॲक्सिअल जोडी घ्यावी. रबराची कड, मऊ ट्वीटर, सेन्सिटिव्हिटी नव्वदच्या आसपास. जोडीला रिंग, सॉकेट आणि दाराची पट्टी. सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आत बसवावे. मागे काही लावू नये. चालक पुढे बसतो, रस्ता सांगणारा फोनचा आवाजही पुढूनच यायला हवा. उरलेले साडेतीन हजार विम्यासाठी बाजूला ठेवावेत. त्या घरात सगळ्यात शहाणे बोलणे माउलीचे आहे.

मुलाचेही चुकलेले नाही. गाडीत वर ट्वीटरची जागा असेल, तर वर्षभराने कर्जाचा भार हलका झाल्यावर कंपोनंट जरूर घ्यावेत. तेव्हा बसवण्याचे काम मुलानेच शिकून करावे. सेलची परीक्षा त्याला आत्ताच करू द्या. हातात एक कसब येईल.

शेवटी कानाचे

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकावा, त्याहून जास्त नको. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम चार तास. जो माणूस आठवड्याला साठ तास गाडीत असतो त्याने हा हिशेब डॅशबोर्डवर लिहून ठेवावा. रुग्णवाहिकेचा आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज असावा. आणि रात्री वस्तीत शिरताना टेप बंद करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. पण कायदा नसता तरी शेजारच्या खोलीत कुणाचे तान्हे झोपलेले असते, कुणाची दहावी असते.

आमच्या वडिलांच्या पिढीचे कान गिरणीने नेले. त्यांना पर्याय नव्हता, पोटासाठी तो गोंगाट सोसावा लागला. आपण मात्र स्वतःचे पैसे मोजून तोच गोंगाट विकत घ्यावा, हे काही खरे नाही. कल्याणच्या बंधूंनी काय घेतले आणि ते कसे वाजते, हे त्यांनी कळवावे. इतर वाचकांनीही आपले अनुभव लिहावेत. त्यातले चार इतरांच्या कामी येतील.